पदविकेपुढील वाट

बारावीची विज्ञान शाखा उत्तीर्ण व्हावी, वैद्यकीय प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाची डी.एम.एल.टी. ही पदविका घ्यावी, एखाद्या जिल्हा रुग्णालयात वा खासगी प्रयोगशाळेत रुजू व्हावे आणि पुढे सेवापुस्तिकेत वेतनवाढींच्या नोंदीखेरीज विशेष काही न घडता त्याच टेबलावरून सेवानिवृत्त व्हावे, असा आमच्या पिढीतील प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचा सर्वसाधारण जीवनक्रम होता. मीही त्याच क्रमाने या व्यवसायात आले, नोकरी करीत असतानाच वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्राची पदवी पूर्ण केली आणि आज तेच शास्त्र शिकविते. पदवीमुळे वरच्या पदाचा मार्ग मोकळा होतो हे तर खरेच. परंतु यंत्राने दिलेला एखादा आकडा हातात धरून ‘हा अहवाल जाऊ देऊ नये’ असे म्हणण्याचे आणि तसे का म्हणतो हे वरिष्ठांसमोर सप्रमाण सांगण्याचे जे सामर्थ्य पदवीच्या अभ्यासातून येते, ते मला पदोन्नतीहून अधिक मोलाचे वाटते.

पदविकेची योग्यता कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तान्ह्या बालकाची शीर पहिल्याच प्रयत्नात सापडणे, लीशमन रंगाने काचपट्टी नेमकी रंगविणे, दोनशे नमुन्यांच्या गर्दीत एकाही नळीवरील नावाची अदलाबदल न होऊ देणे, ही कौशल्ये ग्रंथांतून येत नाहीत. ती येतात सरावाने, आणि ती ज्यांच्या अंगी बाणली आहेत असे पदविकाधारक तंत्रज्ञच महाराष्ट्रातील कितीतरी प्रयोगशाळांचा भार वाहत आहेत. उणीव असते ती पद्धतीमागील कारणाच्या ज्ञानाची, आणि नेहमीच्या वहिवाटीत न बसणारा नमुना समोर आला की ती उघड होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचेच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ज्या विलक्षण रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले, तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशी अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्ही द्रावांत गुठळत नाहीत, म्हणून केवळ काचपट्टीवर थेंब मिसळून पाहणारा ‘ओ’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः ‘ओ’ गटाच्या पेशींवर विपुल असणारे एच प्रतिजन या व्यक्तीच्या पेशींवर नसते, आणि तिच्या रक्तद्रवात त्याच प्रतिजनाविरुद्धचे प्रबळ प्रतिपिंड असते. त्यामुळे ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ते तिच्या शरीरात नष्ट होऊन प्राणावर बेतू शकते. रक्तद्रवाची उलट तपासणी करताना ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींचीही एक नळी लावावी, असे पदविकेच्या वर्गात सांगितले जाते. ती का लावावी, हे ज्याला एच प्रतिजनाची घडण आणि तिचा अनुवंश समजला आहे त्यालाच खऱ्या अर्थाने कळते, आणि ज्याला ते कळले आहे तो कितीही घाईची वेळ असली तरी ती नळी गाळत नाही.

दुसरे उदाहरण रोजच्या कामातील आहे. लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडले म्हणून कोणी जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्त तीत ओतले, तर पोटॅशियम एकाएकी भयावह वाढलेले आणि कॅल्शियम तळाला गेलेले दिसते. जांभळ्या नळीत ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, हे रसायन ज्याने अभ्यासिले आहे, तो हे दोन आकडे शेजारी पाहताच अल्कलाइन फॉस्फटेजकडे नजर टाकतो. तेही घसरलेले असेल तर त्या विकराला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियमही ईडीटीएने हिरावून घेतले असा निष्कर्ष काढतो आणि वॉर्डात दूरध्वनी करून नवा नमुना मागवितो. असा तंत्रज्ञ टेबलावर नसेल, तर रुग्णाला नसलेल्या विकारावर उपचार सुरू होण्याचा धोका असतो. ज्ञात मूल्याचा ‘कंट्रोल’ नमुना मर्यादेबाहेर गेला म्हणून तो आत येईपर्यंत पुन्हापुन्हा लावीत राहणे आणि दोष आकस्मिक आहे की यंत्र हळूहळू एका बाजूस सरकत आहे याचा वेस्टगार्ड यांच्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या नियमांनी विचार करणे, यांतील अंतरही याच जातीचे आहे.

अर्थात पदवीने तंत्रज्ञ डॉक्टर होत नाही. निदानाचा अर्थ लावून अहवालावर स्वाक्षरी करणे हे पॅथॉलॉजिस्टचे काम आहे, आणि ते तसेच राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२१ साली संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने आमच्यासारख्या व्यवसायांना प्रथमच अखिल भारतीय कायद्याची चौकट दिली. किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांची पदविका वा पदवी घेतलेला तो ‘सहायक आरोग्य व्यावसायिक’, तर किमान ३६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांची पदवी घेतलेला तो ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’. यांपैकी दुसऱ्याच्या व्याख्येत सल्ला, संशोधन आणि पर्यवेक्षण यांचा उल्लेख आहे. पदविका आणि पदवी यांतील जी मर्यादारेषा आजवर प्रत्येक आस्थापना आपल्या मर्जीने आखीत होती, ती आता कायद्याच्या अक्षरांत आली आहे.

मात्र रेषा आखल्याने ती ओलांडण्याची सोय होत नाही. परिचारिकांना जी.एन.एम. या परिचर्या-पदविकेनंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची रुळलेली वाट आहे. तंत्रज्ञांस अनेक विद्यापीठे दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश देतात खरी, परंतु त्या वर्गात दिवसभर हजर राहावे लागते. आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या अधिनियमाखालील अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे. मनाई योग्यच आहे, कारण काचपट्टी पडद्यावर रंगविता येत नाही. परंतु तिचा सारा भार नोकरदार तंत्रज्ञावर पडतो. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी कित्येकींना ना हरकत दाखला मिळतो, पण रजा मिळत नाही. घरात लहान मूल, गावी वृद्ध सासू-सासरे, डोक्यावर कर्जाचा हप्ता, अशा स्थितीत बिनपगारी रजेची मुभा ही प्रत्यक्षात नकाराचीच सूचना ठरते.

म्हणून आरोग्य खात्याने निवडक सेवारत तंत्रज्ञांस दरवर्षी पगारी अध्ययन-रजेवर पाठविण्याची तजवीज करावी आणि त्याबदल्यात ठरावीक मुदतीच्या सेवेचे बंधपत्र खुशाल लिहून घ्यावे. विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्याचा प्रकल्प त्याच्याच प्रयोगशाळेतील कंट्रोलच्या नोंदींवर करू द्यावा, म्हणजे त्याच्या अभ्यासाचा लाभ त्या रुग्णालयास प्रत्यक्ष होईल. वरिष्ठ तंत्रज्ञाचे पद भरताना सेवाज्येष्ठतेच्या जोडीने पदवीलाही नियमांत निश्चित स्थान असावे. आणि हे हुकूम निघेपर्यंत प्रयोगशाळा-प्रमुखांनी निदान एवढे करावे, की परीक्षेच्या महिन्यात त्या तंत्रज्ञाचे नाव रात्रपाळीच्या यादीत घालू नये. त्यासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची गरज नाही.