डब्यावर काय लिहिलं होतं?

आमच्या लहानपणी वस्तू विकत घेतली की विषय संपायचा. अब्बांनी रेडिओ आणला, पैसे मोजले, पावती कपाटात ठेवली. त्या दिवसापासून रेडिओचं बरंवाईट आमच्या हातात. कंपनीचा माणूस रात्री घरात शिरून त्यातलं शॉर्टवेव्हचं बटण काढून नेईल, अशी कल्पनाही कुणी केली नसती. कुणी नेलंच असतं तर त्याला सरळ चोरी म्हटलं असतं.

आज हे घडतं आणि त्याला 'अपडेट' म्हणतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ चं आहे. २००६ मध्ये हे यंत्र बाजारात आलं तेव्हा त्यात एक खास सोय होती. खेळ खेळता यायचेच, शिवाय त्यावर लिनक्स टाकून त्याचा संगणकासारखा वापर करता यायचा. अनेकांनी ते याचसाठी घेतलं. अमेरिकन हवाई दलाच्या एका प्रयोगशाळेने तर १,७०० हून अधिक प्लेस्टेशन एकत्र जोडून महासंगणक उभा केला. मग १ एप्रिल २०१० रोजी एक अपडेट आलं आणि ती सोय काढून घेण्यात आली. कारण दिलं सुरक्षेचं. अपडेट नको असेल तर घेऊ नका, असंही सांगितलं गेलं. पण न घेणाऱ्याला ऑनलाइन खेळता येणार नव्हतं आणि पुढचे काही खेळही चालणार नव्हते. म्हणजे दोन्ही सोयींचे पैसे आधीच दिलेल्या माणसाला त्यातली एक सोडायला सांगितलं. कोणती सोडायची, एवढंच त्याने ठरवायचं.

अमेरिकेत लोक कोर्टात गेले. खटला एकदा फेटाळला गेला, वरच्या कोर्टात पुन्हा जिवंत झाला आणि बऱ्याच वर्षांनी साडेसदतीस लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. ब्रिटनमध्ये मात्र एका ग्राहकाने कंपनीचा नाद सोडून थेट विक्रेत्याला गाठलं. 'तुम्ही जी वस्तू विकलीत ती आता तशी राहिलेली नाही,' एवढंच त्याचं म्हणणं होतं. अ‍ॅमेझॉनने त्याला किमतीचा साधारण पाचवा हिस्सा परत केला.

याच अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये लोकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं दुरूनच पुसून टाकली होती. ज्याने ती तिथे विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण अभ्यासासाठी ते पुस्तक वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यावर टिपणं काढली होती. पुस्तकच गेल्यावर ती टिपणं निरुपयोगी झाली. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट जास्त लागते. पुस्तकाची किंमत परत करता येते, वाचणाऱ्याच्या मेहनतीची कशी करणार?

माझं स्वतःचं प्रकरण याहून फार लहान आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. त्यांच्यासाठी दोन्ही लिपींतले सरावाचे कागद घरच्या प्रिंटरवर छापतो. कार्ट्रिज रिकामी झाली की नाक्यावरच्या दुकानातून शाई भरून आणायची, हे दोन वर्षं बिनबोभाट चाललं. एका अपडेटनंतर प्रिंटरने भरलेली कार्ट्रिज घ्यायचंच बंद केलं. नवीन कार्ट्रिज म्हणजे प्रिंटरच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा. कंपनीला विचारलं तर 'छपाईचा दर्जा आणि सुरक्षितता' असं उत्तर आलं. मी उलट एकच प्रश्न पाठवला: विकताना हे सांगितलं होतं का? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सुरक्षेसाठी अपडेट लागतात, हे मला मान्य आहे. फोनमधून बँकेचे पैसे जाऊ लागले तर कुणीतरी ते भोक बुजवायलाच हवं. पण घराचं कुलूप बदलणं वेगळं आणि घरातल्या एका खोलीचं दार विटांनी बुजवणं वेगळं. बुजवावंच लागलं तर त्या खोलीचे पैसे परत करावेत.

आपल्या फिक्हच्या किताबांत खरेदी-विक्रीच्या बाबमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाची गोष्ट आहे. मालात विक्रेत्याकडे असतानाचाच ऐब निघाला, तर सौदा मोडायचा हक्क खरीददाराला मिळतो. ऐब लपवून विकणं तर गुनाहच. विकल्यानंतर दुरून ऐब घालता येईल, हे त्या काळच्या फकीहांच्या ध्यानीमनीही नसणार. पण त्यामागचा विचार स्पष्ट आहे: ज्या मालावर दोघं राजी झाले, तोच माल हाती असला पाहिजे.

आपला कायदाही यापासून दूर नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या पाहा. विक्रेत्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल, त्या मानाने वस्तूत उणीव असेल तर तोही दोष धरला आहे. म्हणजे डब्यावर काय छापलंय, जाहिरातीत काय म्हटलंय, याला वजन आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं. मी तिथे तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा आयोगात जायची कागदपत्रं तयार आहेत.

'एका कार्ट्रिजसाठी एवढं?' असं स्टाफरूममध्ये विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक हप्त्यावर फोन घेतात. शेवटचा हप्ता फिटायच्या आत त्या फोनातलं काहीतरी कमी झालं, तर त्यांना कळतसुद्धा नाही की हे कुणीतरी केलंय. जुना झाला असेल, आपल्याच हातून बिघडला असेल, असं समजून गप्प बसतात. पडद्यावर इंग्रजीत पानंच्या पानं येतात, खाली 'मान्य' असं बटण असतं, आणि ते दाबल्याशिवाय फोन पुढे सरकत नाही. याला राजीखुशी म्हणायचं का?

म्हणून यंदा आठवीला तक्रार-अर्ज शिकवताना मी नळाच्या पाण्याचा नेहमीचा विषय बाजूला ठेवला. मुलांना घरून एखाद्या वस्तूचा डबा आणि पावती आणायला सांगितली. डब्यावर लिहिलेलं वाचा, वस्तूत ते आहे का पाहा, नसेल तर तारीख घालून अर्ज लिहा. एका मुलीने तिच्या अम्मीच्या फोनसाठी लिहिला. अर्जात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून दिल्या आणि तो अर्ज खरोखर पाठवायला सांगितला.