भाव करणारा मुलगा

वाद्याचा भाव करणाऱ्याला वाद्याची कदर नसते, हे माझं मत. मत कसलं, हेका. तीसेक वर्षं चारचौघांत ठासून सांगितलेला.

मी बँकेत कारकून, सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाला. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेसवर काय वाजवतात, ते कॅसेटला कान लावून शोधायचं, हे माझं शिक्षण. हातात पैसा आला तसे बेस जमत गेले. निवृत्तीपर्यंत पाच. "माणूस एक, हात दोन आणि गिटारी पाच," असं बायको म्हणायची. डोंबिवलीचं घर लहान. शेवटी तीन विकायचे ठरवले: एक जॅझ, एक प्रिसिजन, एक यामाहा.

पहिला काढला जपानी बनावटीचा जॅझ बेस. किंमत 45 हजार. कल्याणचा एक मुलगा आला, ऑर्केस्ट्रात वाजवणारा. स्वतःची केबल घेऊन आला होता. एकेक फ्रेट दाबून पाहिला, आवाजाचं बटण फिरवून खरखर ऐकली, नेक डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितला. मग म्हणाला, "काका, 35 आत्ता देतो. नाहीतर नवरात्राच्या नाइट्स होईपर्यंत थांबा, 38 देतो." मी भडकलो. इथे काय भाजी विकायला बसलोय? त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ गाडीतून आले. त्यांनी बेस अँपला लावलाच नाही. सीरियल नंबर पाहिला, लाकडाच्या रेषांवरून बोट फिरवलं आणि एका शब्दावर पैसे दिले. मला वाटलं, याला म्हणतात कदरदान!

काही महिन्यांनी त्यांच्या घरी जायचा योग आला. बेस दिवाणखान्यात काचेआड टांगलेला, वर छोटासा दिवा. तारांना गंज. "अजून एकदाही हात लावला नाही, जसाच्या तसा आहे," ते कौतुकानं म्हणाले, आणि मीही मान डोलावली. परतताना लोकलमध्ये मात्र लक्षात आलं की माझ्या घरीही हेच चाललंय. माझे बेस कॉटखाली आहेत आणि वर दिवा नाही, एवढाच फरक.

घरी येऊन प्रिसिजनची केस उघडली. पावसाळ्याआधी मी त्याच्या तारा पार सैल करून ठेवल्या होत्या, लाकडाला आराम म्हणून. बेसच्या चार तारा मिळून नेकवर 70-80 किलोंचा ताण असतो. त्याला तोलायला आत लोखंडी ट्रस रॉड. मी ताण काढला, रॉड तसाच आवळलेला राहिला. त्यात दमट हवा. नेक मागे वाकला होता. तारा चढवल्या तर पहिल्या फ्रेट्सवर नुसती झणझण. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन आणला तो भल्यामोठ्या डबल बेसऐवजी वादकाला काखोटीला मारून कार्यक्रमाला नेता यावा म्हणून. आणि मी तो जपून जपून वाकडा केला!

त्या मुलाचा नंबर फोनमध्ये 'भाव करणारा' या नावानं होता. लाज गिळून फोन लावला. तो ॲलन की घेऊन आला. रॉड पाव आटा सैल करायचा, तारा सुरात आणायच्या आणि दोन दिवस थांबायचं. असं तीनदा केलं. नेक मार्गी लागला. या वेळी चहा दिला. कुठले फ्रेट झिजलेत, जॅक कधी कुरकुरतो, सगळं मीच सांगितलं आणि 35 म्हणालो.

"नेकचं काम मीच केलं ना काका? दोन हजार कमी करा."

33 ला दिला. तो गेल्यावर पैसे दोनदा मोजले, आणि रात्री ते 45 हजार आठवलेच. उगाच साधुत्वाचा आव कशाला आणू?

नवरात्रात त्यानं दांडियाचा व्हिडिओ पाठवला. बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झला बोलते. फोनच्या इवल्या स्पीकरला ते कुठलं जमायला? ढोल ऐकू येत होते, बेसवर त्याची नुसती बोटं हलताना दिसत होती. मुलाचा हेडफोन शोधून पुन्हा लावला. तालाच्या थोडा पुढे पळतो. तसं त्याला कळवलं.

उत्तर आलं, "बरोबर आहे काका. तो यामाहा कितीला देणार?"