अवसेची ओहोटी

२३ नोव्हेंबर
सकाळी सातला कल्याणच्या खाडीवर, गाळाचे नमुने घ्यायला. होडीवाले काका हसले. "आज आठम. भांग हाय. पानी उतरनार नाय. अवसेला ये पोरी." ओहोटीची वेळ मोबाइलवर पाहिली होती, तिथी नाही.
पाण्याच्या बाटल्या तेवढ्या भरल्या.

२४ नोव्हेंबर
अंबरनाथ. शिवमंदिराला लागून वालधुनी. मंदिरात शके ९८२ चा शिलालेख, म्हणजे १०६०. तेव्हा नदी कशी असेल, असं इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हटलं.
उल्हासनगरच्या पुलाजवळ टपरीवाल्याने २०१४ ची गोष्ट काढली. टँकरमधून नदीत रसायन ओतलं, वासाने शेकडो लोक दवाखान्यात. "त्या दिवशी वास आला म्हणून कळलं," म्हणाला. हे वाक्य प्रयोगशाळेतल्या मॅडमना सांगायचं.

२६ नोव्हेंबर
अवसेसाठीच्या बाटल्या रात्रभर नायट्रिक आम्लात. सकाळी धुतल्या, वाळवल्या, झाकणं घट्ट. घरी कोणाला सांगितलं तर हसतील: बाटली पाण्यापेक्षा स्वच्छ लागते.

१ डिसेंबर, अमावास्या
चिखल लांबपर्यंत उघडा. वर बोटभर तपकिरी साय. चमच्याने बाजूला केली की खाली ग्रीससारखा काळा गाळ, सडक्या अंड्याचा वास. चमचा प्लास्टिकचा, स्टीलचा चालत नाही, त्याचं क्रोमियम, निकेल नमुन्यात यायचं.
या काळ्या थराला हवा लागत नाही, म्हणून धातू गंधकाला धरून गप्प बसलेले. उपसून काठावर टाकला की हवा लागणार, मग सुटायला लागणार. काकांनी नेमकं तेच विचारलं. "मशीननं काढलेला गाल वांग्याला घातला तर चालंल ना? काला हाय, कसदार." मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. भित्रं उत्तर.
चिखलावर निवट्या. डोळे वर, टुण्णकन उडी, बिळात. मोजत बसले. बावीसनंतर नाद सोडला.
आईचा फोन: "खाडीवर आहेस तर निवट्या आण." उद्या मार्गशीर्ष लागतो, मग महिनाभर घरात मासळी नाही. म्हटलं, हात चिखलाचे आहेत.

३ डिसेंबर
गाळ वाळतोय. ओव्हन चाळीस अंशांवर. जास्त तापवला तर पारा उडून जातो. नंतर ६३ मायक्रॉनची चाळणी. खाली पडतं ते मैद्यासारखं. धातू धरून ठेवतो तो हाच बारीक भाग.

६ डिसेंबर
कोऱ्या नमुन्यातच जस्त. म्हणजे नदीचं नाही, माझं. हातमोज्यांची पावडर. तीन दिवस पाण्यात.
मॅडम काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं.

७ डिसेंबर
नवे हातमोजे, बिनपावडरचे. पुन्हा पहिल्यापासून.

११ डिसेंबर
मॅडमनी ताळ्यावर आणलं. तांबं, क्रोमियम जास्त दिसलं की लगेच कारखान्याकडे बोट दाखवायचं नाही. आपला कातळ बेसाल्टचा, त्यात ते मुळातच भरपूर. शिसं मात्र बेसाल्टात फार थोडं. "शिसं आणि कॅडमियम बघ. सह्याद्रीने दिलेलं नसेल तर कोणीतरी दिलंय."
वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
घट मांडला. आई कहाणी वाचत होती. मी धातू मोजायच्या यंत्राचा ॲसिटिलीनचा सिलिंडर उद्या येईल का याच्या काळजीत.

१७ डिसेंबर
पाण्याचे आकडे. पिण्याच्या पाण्याला शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. आपलं त्याच्या आत. खाडीचं पाणी पितं कोण, हा प्रश्न वेगळा.
सगळे खूश.

२० डिसेंबर
गाळातलं शिसं. यंत्राची पट्टी दोनदा बदलली, नमुना पातळ केला, तरी रेघ वर. वालधुनी खाडीला मिळते तिथे सगळ्यात जास्त.
दुपारी जेवले नाही.

२१ डिसेंबर
पुन्हा मोजलं. तेच.

२६ डिसेंबर
तपासणी ज्यांनी सांगितली त्यांचा फॉर्म आला. पीएच, बीओडी, सीओडी, पाण्यातले धातू. गाळाला रकानाच नाही. फोन केला. "मॅडम, गाळाला आपल्याकडे मर्यादा कुठे ठरलीय? मर्यादा नाही तर रकाना कशाला?" चुकीचं बोलले नाहीत. हेच तर दुखणं.
मॅडम म्हणाल्या, शेवटी एक पान जोड. जोडलं. टाचणी दोनदा मारली.

२९ डिसेंबर
काकांना सांगितलं, वांग्याला घालू नका. "घातला की. तवाच."

३१ डिसेंबर
काल मार्गशीर्ष संपला. आई सकाळीच: "आज तरी निवट्या आण."
बाजारात मावशीकडे होत्या. पाटीत अजून वळवळत होत्या. "कल्यानच्या खाडीच्या, ताज्या," मावशी म्हणाली. अर्धा किलो घेतल्या. आईला सांगितलं, मिळाल्या नाहीत, बोंबील आणलेत. निवट्या सॅकमध्ये, बर्फाखाली. पिशवीवर तारीख आणि ठिकाण लिहिलंय. उद्या प्रयोगशाळा बंद, परवा ओव्हन मोकळा आहे.