सोळा नट, सात मैल

"तेराचा पाना दे गं जरा," असं म्हणत काकांनी गाडीखालून हात बाहेर काढला, आणि मी शेजारी पडलेली त्यांची वही तेराव्या पानावर उघडून त्यांच्या हातात दिली.

हसू नका. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे पास होण्यापुरती. स्पॅनर मला माहीत होता, पण त्याला पाना म्हणतात हे मला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात कळलं, तेही मेकॅनिकलची चार सेमिस्टर झाल्यावर! पुढच्या पाच आठवड्यांत कानस, पक्कड, वायसर, आटे वगैरे शब्द शिकले. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे 'आवळणे'. "आवळलंस का?" हा काकांचा दिवसातून पन्नास वेळा येणारा प्रश्न. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

तर झालं असं. परीक्षा संपल्या, एम-थ्रीची केटी पुन्हा देऊन झाली आणि सुट्टीत मावशीने बोलावून घेतलं. काका मूळचे मिरजेचे, तिकडे एका मोटार कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले. कॉव्हेंट्री हे इंग्लंडचं जुनं गाड्यांचं गाव, आपल्या पिंपरी-चिंचवडसारखं. मावशीने घर दाखवताना सांगितलं, "हे किचन, ही तुझी खोली, आणि तिकडे माझी सवत." सवत गॅरेजमध्ये होती. चार स्टँडवर चढवलेली, चाकं काढलेली.

सवत म्हणजे किट कार. शोरूममधून न आणता घरी जोडलेली गाडी. चेसिस, पत्रे, फायबरचे मडगार्ड हे सामान विकत घ्यायचं किंवा स्वतः बनवायचं, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टिअरिंग एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं. त्या जुन्या गाडीला म्हणतात 'डोनर', अगदी किडनीचा असतो तसा. काकांची डोनर होती माझदा एमएक्स-५. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, त्यामुळे कित्येक गाड्यांची बॉडी गंजून जाते पण इंजिन ठणठणीत राहतं. अशी गाडी स्वस्तात मिळते आणि तिचे अवयव दुसरीत जातात.

या वेडाची कुलदेवता म्हणजे लोटस सेव्हन, १९५७ ची. दारं नाहीत, टप नाही, वजन जेमतेम पाचशे किलो. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, किट घेतलं तर तो वाचायचा. जोडणीची पुस्तिका मात्र सोबत देता येत नसे. म्हणून कंपनी गाडी 'खोलण्याची' पुस्तिका द्यायची आणि लोक ती उलटी वाचायचे, अशी गोष्ट काका रंगवून सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅमकडे गेले. पण घरी गाडी जोडायची सवय काही सुटली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं, २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा असं सांगणारं. चौकोनी नळ्या कापायच्या, वेल्ड करायच्या, जुन्या गाडीचं इंजिन बसवायचं. अशा गाड्यांना 'लोकॉस्ट' नाव पडलं. सवत याच घराण्यातली. तयार झाल्यावरचं वजन मारुती ८०० पेक्षा कमी.

आणि केटीवाल्यांसाठी खास माहिती : लोटस काढणारा कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. तो गणिताच्या शेवटच्या पेपरात अडकला आणि त्याला डिग्री एक वर्ष उशिरा मिळाली. ही गोष्ट मी आईला फोनवर लगेच सांगितली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

काकांना गाडी बांधायला सहा वर्षं लागली. मला वाटलं होतं की हे एकट्याने, रात्री बसून करायचं काम असेल. तसं अजिबात नव्हतं. आसपासच्या गावांत असे दहा-बाराजण आहेत. इंजिन उचलायची क्रेन सगळ्यांत मिळून एक, आणि ती घरोघर फिरते, आपल्या हॉस्टेलवर ड्राफ्टर फिरतो तशी. एक दंतवैद्य बाई फायबरचं काम बघतात. (फिलिंग ते फिलिंग, असं त्यांचं म्हणणं.) एक निवृत्त पोस्टमन वायरिंगमध्ये वस्ताद. शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांच्या गाडीत डोकं घालायचं. तिथे मी जे ऐकलं ते कुठल्या नोट्समध्ये नाही. स्टीलच्या नळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करण्याआधी मधे सीलंट लावायचं, नाहीतर पाणी साचून ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नायलॉक नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. इंजिनचं अर्थिंग चेसिसला धड जोडलं नाही तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. हे शेवटचं पोस्टमन आजोबांनी स्वानुभवावरून सांगितलं. त्यांची केबल लाल झाली होती.

नाही म्हणायला सरकारी परीक्षाही असते. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज हे सगळं तर बघतातच, पण १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरून जिथे जिथे टेकू शकतो तिथल्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. म्हणजे कुणा चालणाऱ्याला गाडी घासली तर कापायला नको. काका पहिल्या वेळी एका ब्रॅकेटच्या कडेपायी नापास झाले. म्हणजे केटी त्यांनाही लागली! तेव्हा त्या बारा घरांतली माणसं एका रविवारी कानशी घेऊन आली होती म्हणे. आपल्याकडे हा सगळा खेळ अवघडच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. असो.

मी गेले तेव्हा गाडी पास होऊन वर्ष झालं होतं आणि ब्रेकचं काम निघालं होतं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, बंद करायचं, मग पेडल सोडायचं. "दाब", "दाबलं", "सोड", "सोडलं". तास-दीड तास एवढाच संवाद. माझं आणि काकांचं खरं तर तिथेच जमलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, सगळ्यांनी मिळून गाड्या काढायचा दिवस. सेव्हनवाले त्याला 'ब्लॅट' म्हणतात. सकाळी चाकं चढवली, गाडी जमिनीवर आणली. चार चाकं, प्रत्येकी चार नट. काकांनी टॉर्क रेंच आणि पिवळा पेंट मार्कर माझ्या हातात दिला आणि ते आंघोळीला गेले. शंभर न्यूटन-मीटरला रेंच 'कट्ट' वाजतो. वाजला की नटावर पिवळी रेघ मारायची, म्हणजे हा आवळलेला.

इथे थोडं पुस्तकातलं सांगते, कारण हे मला ओरलला विचारलं होतं आणि मी फाडफाड उत्तर दिलं होतं. चाक बोल्टच्या आडव्या ताकदीवर उभं नसतं. नट आवळल्यावर बोल्ट ताणला जातो, तो चाकाला हबवर दाबून धरतो, आणि त्या दाबातून येणाऱ्या घर्षणावर सगळं चालतं. टी बरोबर के गुणिले एफ गुणिले डी. बारा मिलिमीटरच्या बोल्टला शंभर न्यूटन-मीटर म्हणजे एका नटामागे साधारण चाळीस किलोन्यूटन, चार टनांच्या आसपास. ते नसेल तर बोल्ट वाकवला जातो, नट फिरत फिरत सुटतो आणि शेवटी चाक निघतं. एक्सटर्नलने "व्हेरी गुड" म्हटलं होतं.

तीन चाकं झाली आणि रूममेटचा फोन आला. एम-थ्री सुटला! मी गॅरेजमध्ये नाचले. आईला फोन केला. मग परत आले, मार्कर उचलला आणि चौथ्या चाकाच्या चार नटांवर चार सुंदर रेघा मारल्या.

कॉव्हेंट्रीच्या बाहेर सगळे जमले, अकरा गाड्या. नियम एकच : वळणावर थांबायचं, मागची गाडी आरशात दिसली की मगच वळायचं. असं प्रत्येकाने केलं की कुणीच हरवत नाही. काकांनी मैलांचा काटा शून्यावर आणला आणि आम्ही फॉसवेवर निघालो. हा रोमन लोकांचा रस्ता, ओळंबा लावल्यासारखा सरळ. तिथून मॉर्टन-इन-मार्श आणि पुढे स्टो-ऑन-द-वोल्डला जाऊन जेवायचं. गाडी इतकी बुटकी की हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. वारा, इंजिनचा आवाज, दोन्ही बाजूंनी हिरवंगार. निघण्याआधी काकांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "आज चाकं आमच्या इंजिनिअरने बसवलीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

बोटावर पिवळा रंग वाळला होता, तो मी नखाने काढत होते. आणि एकदम लक्षात आलं की मागच्या डाव्या चाकाचा 'कट्ट' मला आठवत नाहीये. पहिल्या तीन चाकांचे बारा आठवतात. चौथ्याच्या फक्त रेघा आठवतात.

काटा तेव्हा चारवर होता.

मी बोलले नाही. मी स्वतःला समजावलं की आवळले असतील, आठवत नाही एवढंच. मग वाटलं, जेवायला थांबू तेव्हा गुपचूप बघू. अकरा गाड्या थांबवायच्या, त्या टाळ्यांनंतर? पाच झाले, सहा झाले. काका साठच्या स्पीडने, म्हणजे मैलांच्या, आनंदात चालवत होते, मधेच माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होते. मीही अंगठा दाखवला! चाक निघालं तर कुठे जाईल याचा हिशेब डोक्यात चालू होता. मागून दंतवैद्य बाईंची गाडी येत होती. नऊ, दहा. मग सीटखाली काहीतरी थरथरतंय असं वाटलं. खरंच होतं की भीतीने, आजही सांगता येणार नाही.

अकराला मी ओरडले, "काका, थांबा!"

ते एका शेताच्या फाटकापाशी थांबले. मागचे सगळे थांबले. पुढे गेलेल्यांना वळणावर आरशात आम्ही दिसलो नाही, तेही दहा मिनिटांत उलटे आले. पोस्टमन आजोबांनी रेंच लावला. पहिला नट 'कट्ट' व्हायच्या आधी जवळजवळ एक वेढा फिरला. दुसराही. उरलेले दोन त्यांनी चक्क बोटांनी फिरवून दाखवले. त्यावर माझ्या पिवळ्या रेघा होत्या.

कुणी काही बोललं नाही. ते फार वाईट होतं. दंतवैद्य बाईंनी थर्मासमधला चहा दिला, आणि मग एकेकजण आपापला रेंच काढून आपापल्या गाडीचे नट बघायला लागला. आजोबा जाता जाता एवढंच म्हणाले की रेंच एकाने धरायचा आणि मार्कर दुसऱ्याने, आमच्याकडे पूर्वी तसंच होतं, आम्हीच सोडून दिलं.

आम्ही पुढे स्टोला गेलो, जेवलो. काय जेवले ते आठवत नाही.

रात्री काका गॅरेजमध्ये वही घेऊन बसले होते. सहा वर्षांची त्यांची सगळी कामं त्या वहीत आहेत, तारखेनिशी, मराठीत. ते म्हणाले, "बाळ, विसरलीस त्याचं काही नाही. मी पण विसरलोय, यातल्या पानोपानी आहे. पण आठवल्यावर बोलायला एवढा वेळ का लावलास?"

मी सांगितलं नव्हतं मला केव्हा आठवलं ते. त्यांनी ओळखलं होतं. बहुतेक माझ्या अंगठ्यावरून.

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं ना, इंजिनिअरने बसवलीत म्हणून."

ते काही बोलले नाहीत. वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं : मागचं डावं चाक, चारही नट आवळलेले नव्हते, अकरा मैल चालवली. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी सुधारलं. खाली दोन ओळी जागा होती. सात मैलांचं तिथे लिहायला पाहिजे होतं, मी नाही लिहिलं. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या बाहा टीमच्या कपाटात आता रेंच वेगळ्या खणात आणि मार्कर वेगळ्या खणात असतो, आणि दोन्ही एकाच्या हातात द्यायचे नाहीत. ज्युनिअर्स वैतागतात. परवा रात्री साडेअकराला, रेक्टर सर दिवे बंद करायला सांगून गेल्यावर, एकजण म्हणाला, "ताई, एवढ्या चार नटांना दोन माणसं कशाला?"

मी विचारलं, "आवळलेस का?"

"हो. म्हणजे तीन नक्की." तो जरा थांबला. "चौथ्याचं आठवत नाही."

मी दिवा पुन्हा लावला.