अकरा ग्लोव्ह आणि एक डावरी

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

"तुमचा छंद काय?" असं इंटरव्ह्यूत विचारतात म्हणे. आमच्या बॅचमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे : वाचन, क्रिकेट आणि गाणी ऐकणे. (वाचन म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल वाचणे!) माझं उत्तर खरं आहे, पण सांगितलं की समोरचा हसतो. मी बेसबॉल-सॉफ्टबॉलचे जुने ग्लोव्ह जमवतो.

आतापर्यंत अकरा झालेत. रूमवर खिडकीशी सुतळी बांधून तिच्यावर ओळीने लटकवलेत. पहिल्या वर्षी मेसचे काका बिलाचा निरोप घेऊन आले, वर बघून थबकले आणि म्हणाले, "हाई काय शे रे भो? हत्तीना पाय?" जुलैत त्या चामड्यावर हिरवी बुरशी चढली तेव्हा राउंडला आलेल्या रेक्टर सरांनी आधी कॉटखाली वाकून पाहिलं. त्यांना वाटलं, उंदीर मेलाय. रूम पार्टनर मात्र कधी काही बोलला नाही. तो फक्त उदबत्ती लावतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिकेटमध्ये कीपर सोडला तर सगळे उघड्या हाताने कॅच घेतात. इथे मैदानावरच्या सगळ्या फिल्डरांना एकेक ग्लोव्ह लागतो. उजव्या हाताने बॉल फेकणारा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, म्हणजे झेलायचं डाव्याने, फेकायचं उजव्याने. बेसबॉलचा घेर 9 इंच, सॉफ्टबॉलचा 12, म्हणून सॉफ्टबॉलच्या ग्लोव्हची खोळ मोठी. सुरुवातीला अमेरिकेतही सगळे उघड्या हातानेच खेळत आणि ग्लोव्ह घालणं भित्रेपणाचं समजत. 1875 च्या सुमारास एका खेळाडूने अंगाच्याच रंगाचा ग्लोव्ह घातला, का तर लांबून कुणाला दिसू नये! पुढे 1920 च्या आसपास बिल डोक नावाच्या पिचरच्या सांगण्यावरून अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी आली आणि ग्लोव्ह नुसतं हाताचं पांघरूण न राहता झेलायचं यंत्र झाला. मेकॅनिकलवाल्याला तो आवडतो तो इथपासून.

अमेरिकेत हे जमवणारे पुष्कळ आहेत. तिथे ग्लोव्हवर मोठ्या खेळाडूच्या सहीचा ठसा असायचा आणि लहानपणी बापाने घेऊन दिलेला तोच ग्लोव्ह म्हातारपणी पुन्हा मिळवायचा, हा त्या छंदाचा जीव. 2023 मध्ये बेब रूथचा एक ग्लोव्ह पंधरा लाख डॉलरच्या वर गेला. पण ती श्रीमंतांची गोष्ट झाली. 1950 च्या दशकात जी पोरं होती ती आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या पेटाऱ्यातले साधे, नाव नसलेले ग्लोव्ह त्यांच्यामागे कोण घेणार? नातवाला त्या खेळाडूचं नावही माहीत नसणार. आमचे पप्पा हाच प्रश्न फार कमी शब्दांत विचारतात : "याचं पुढे काय?"

आपल्याकडे तर पुढे काय याच्या आधी मागे काय हाच प्रश्न आहे. जळगाव-धुळ्यात सॉफ्टबॉल काही नवा नाही. शाळा-कॉलेजांतून तो बरीच वर्षं चालतो. पण आपल्याकडे जपून काय ठेवतात? सर्टिफिकेट! 2005 च्या शासन निर्णयापासून सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे सर्टिफिकेट लॅमिनेट होऊन कपाटात आणि ग्लोव्ह माळ्यावर उंदरांना. मी कुणाला नावं ठेवत नाही. शेतकऱ्याच्या पोराला खेळातून नोकरी मिळत असेल तर त्याने सर्टिफिकेटच जपावं. पण म्हणूनच इथे जुना ग्लोव्ह सापडणं मुश्कील. माझ्या अकरापैकी चार भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आलेत. वजनकाट्यावर ग्लोव्ह ठेवलेला पाहिला की पोटात कालवतं.

अकरावा मात्र भंगारातला नाही. तो ताईचा.

ताई धुळ्यात शिकली, कॉलेजच्या टीममध्ये फर्स्ट बेसला खेळायची. ती डावरी आहे. आजीने लहानपणी जेवताना तिच्या डाव्या हातावर पुष्कळ चापट्या मारल्या, फरक पडला नाही. डाव्या हाताने फेकणाऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, म्हणजे अंगठ्याची बाजू उलटी. आपल्याकडे जिमखान्यात ग्लोव्ह असतात नऊ-दहा, तेही दोन्ही टीममध्ये मिळून. इनिंग बदलली की हातातला काढून समोरच्याला द्यायचा. त्यात उलटा कोण ठेवणार? पण ताईच्या कॉलेजात एक होता. कधी आणि कुणी मागवला कुणास ठाऊक. जी डावरी येईल ती तो वापरायची. मनगटाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेनने नावं लिहिलेली आहेत. पहिलं इतकं पुसट की फक्त 'सु' वाचता येतं. दुसरं निळ्या शाईत. तिसरं ताईचं.

मी तो मागितला तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "घेऊन जा. पण तो माझा नाहीये. परत करायचा राहिलाय."

झालं! माझ्या कलेक्शनमधला सगळ्यात भारी नग आणि तो निघाला उसना.

तरी मी तो सगळ्यांत शेवटी, एकटा, लटकवला. संग्राहकाचे म्हणून काही नियम असतात : मूळ वादी बदलायची नाही, मूळ शिवण उसवायची नाही, डाग पुसायचे नाहीत. मी तेही पाळले. पहिल्या ग्लोव्हला मी अतिउत्साहात खोबरेल पाजलं होतं. तो इतका जड आणि लुळा झाला की आजही बॉल लागला की भज्यासारखा दुमडतो. (अमेरिकेत पूर्वी गुरांच्या खुरा-नडग्यांपासून काढलेलं तेल वापरत, तेही बेताने.) जळगावच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, चामडं पापडासारखं होतं. ताईच्या ग्लोव्हला मी फक्त ओल्या फडक्याने पुसून किंचित तेलाचा हात फिरवायचो. बस.

मग या वर्षी फर्स्ट इयर कॉम्प्युटरला एक मुलगी आली, चोपड्याकडची. संध्याकाळी ग्राउंडवर मी तिला पाहिलं. ती डाव्या हातात ग्लोव्ह घालून बॉल अडवायची, तोच ग्लोव्ह झटकून खाली टाकायची, बॉल उचलायची आणि डाव्याच हाताने फेकायची. तोपर्यंत रनर बेसवर पोचून पाणी पिऊन यायचा. मुलं हसत होती. मला हसू आलं नाही, जिम ॲबट आठवला. त्याला जन्मतः उजवा पंजा नव्हता. डाव्याने पिच टाकून क्षणात त्याच हातात ग्लोव्ह चढवायचा, आणि 1993 मध्ये यांकीजकडून खेळताना त्याने समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट मिळू दिली नव्हती. पण ॲबटला पर्याय नव्हता. या मुलीचा पर्याय माझ्या खिडकीत लटकत होता.

खोटं कशाला बोलू, मी आठ दिवस गप्प बसलो. स्वतःला कारणं दिली. वादी जुनी आहे, तुटेल. ग्लोव्ह ताईचाही नाही, मी कोण देणारा? शेवटी ताईच्या कॉलेजात फोन लावला. तिथल्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तो डेडस्टॉक रजिस्टरमधून कधीच कमी झालाय. आमच्या हिशोबात तो नाहीच. ठेव तुला." म्हणजे कागदोपत्री तो ग्लोव्ह मेलेला होता. मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट जास्तच अवघडल्यासारखं झालं.

त्या रविवारी घरी धुळ्याला गेलो होतो. राजवाडे मंडळावरून जाताना सहज मनात आलं. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करत राहिले आणि 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले. 1927 मध्ये लोकांनी मंडळ उभं केलं, म्हणून तो ठेवा राहिला. पण त्या माणसाने दप्तरं नुसती कुलपात ठेवली नव्हती. वाचून, छापून, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढून लोकांपुढे टाकली होती. कुठे ते आणि कुठे माझे अकरा ग्लोव्ह! पण एवढं कळलं की मी सुतळीवर जे करतोय ते नुसतं वाळवण आहे.

सोमवारी परत आल्यावर स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी हात घालून पाहिला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "हाऊ ते हातना जोडा शे!" जाळीची मूळ वादी दोन ठिकाणी कुजली होती. त्यांनी पोळ्याला बैलांच्या घुंगरांना लावतात त्या चामड्यातून नवी वादी कापली, मेण घासलं आणि मी मोबाईलवर दाखवलेल्या फोटोवरून ओवली. एका ठिकाणी त्यांनी फोटोपेक्षा वेगळी गाठ मारली. मी म्हटलं, "काका, तिथे तशी नाहीये." ते म्हणाले, "तशी होती म्हणून तर सुटली." स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आम्हाला एवढ्या थोडक्यात कुणी शिकवलेलं नाही. संग्रहाच्या नियमाने त्या ग्लोव्हची किंमत त्या दिवशी गेली. अमेरिकेतला जाणकार पाहिला असता तर रडला असता.

ग्राउंडवर तिला दिला तेव्हा तिने आधी सवयीने डाव्या हातात घालून बघितला, मग थांबली, उजव्यात घातला. दोन-तीनदा मूठ उघडली-मिटली. म्हणाली, "दादा, हा आधीच माझ्या हातासारखा झालाय." तो ताईच्या हातासारखा झालेला होता आणि त्याआधी त्या 'सु'च्या, पण मी काही बोललो नाही. पहिलाच थ्रो तिने इतक्या लवकर केला की फर्स्ट बेसवाला अजून बेसवर पोचलाच नव्हता. बॉल थेट सायकल स्टँडमध्ये.

मॅच धुळ्याला होती. हरलो, 9-2 ने, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिने तीन जणींना आउट केलं, एक सोपा कॅच सोडला. नवी वादी टिकली.

ग्लोव्ह अजून तिच्याकडेच आहे. मागच्या आठवड्यात मी जरा आडून विचारलं, तर म्हणाली, "अजून तीन वर्षं आहेत ना मला!" पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे गेला का हातचा?" ताईचा रात्री फोन आला. तिला मॅचचं काही पडलेलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "पट्ट्याच्या आत चौथं नाव लिहिलंय का रे तिने?"

मी पाहिलं नव्हतं. सुतळीवर सध्या दहा आहेत.