खुलताबादेत, रस्त्याच्या पलीकडे

वेरूळची लेणी पाहून परतणारी मंडळी खुलताबादेत थांबलीच, तर औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबतात. खरे म्हणजे रस्ता ओलांडून समोरच्या दर्ग्यातही डोकवावे. तेथे शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब विसावले आहेत. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, त्या धामधुमीत ते दक्षिणेत आले आणि १३३७ मध्ये येथेच निवर्तले.

या सूफींचे खरे वैर कोणाशी? तर स्वतःच्या ‘नफ्स’शी, म्हणजे ‘मला, मला’ म्हणणाऱ्या आतल्या जिवाशी. कुराणात त्याच्या तीन अवस्था येतात: वाईटाकडे ओढणारा, स्वतःलाच बोल लावणारा आणि निवालेला. त्याला आवरण्यासाठी कमी खावे, कमी बोलावे, कमी झोपावे. पण हा नफ्स मोठा बिलंदर! उपवास घडला की उपवासाचीच ऐट मिरवतो. (एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नकोच.)

निजामुद्दीन बहुधा रोजच रोजा धरीत. पहाटेचे ताट पुढे आले, की मशिदींत नि दुकानांच्या ओट्यांवर उपाशी निजलेली माणसे त्यांना आठवत आणि घास घशाखाली उतरत नसे, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. आलेली भेट ते साठवीत नसत, वाटून टाकीत. मला ही भूक त्या सर्व व्रतांहून मोठी वाटते.

त्यांची संभाषणे टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी हाही खुलताबादच्याच मातीत आहे. त्याची कबर मात्र विचारीत विचारीत शोधावी लागते.