रेशीमबागेतलं वावर

नितीन गडकरींच्या पुढाकाराने 2009 साली सुरू झालेलं ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन तेव्हा नागपुरात रेशीमबागच्या मैदानावर भरायचं. मी सातवीत होतो. नोव्हेंबरात आमच्या उमरेडकडे धानाची कापणी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी अंगावर येते, तरी बाबा म्हणाले, "चाल, एक दिवसात वावर काही पळून नाही जात."

मला वाटलं होतं, कोणाचं तरी झकास पीक पाहायला मिळेल. आत शिरलो तर पायाखाली गालिचा! एवढी शेती, पण चपलेला मातीचा कण नाही. ट्रॅक्टरवर चढून बसलो, तर सीटचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

रोवणीच्या यंत्रापुढे तर डोकंच चालेना. आमच्याकडे पऱ्हे उपटतात, पेंढ्या बांधतात आणि पिंढरीभर चिखलात बाया वाकून रोवतात. यंत्राजवळचा माणूस म्हणत होता, रोपं ट्रेमध्ये चटईसारखी वाढवायची आणि चटईच यंत्रात घालायची. चटई कोण रोवतं?

ठिबकवाला सांगत होता, एका ड्रिपरमधून तासाला चार लिटर पाणी. बाबांनी विचारलं, "आमच्याकडं लाइन रात्रीची रायते. मंग?" त्याने हसून आमच्या हातात पत्रक दिलं.

जनावरांच्या मंडपात मात्र जीवात जीव आला. तलवारीसारखी लांब शिंगं पाठीकडे वळलेली नागपुरी म्हैस, आणि पलीकडे पांढराशुभ्र गवळाऊ बैल. त्याच्यापुढे पाटी होती: मूळ प्रदेश वर्धा, नागपूर. अगदी आमच्या ढवळ्यासारखा! आमच्या गोठ्यातल्या जनावराची अशी पाटी लागू शकते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. बाबा त्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत किती वेळ उभे होते कोण जाणे. शहरातलं एक पोरगं मला विचारत होतं, "हा चावतो का?"

शेवटी सोयाबीनच्या कार्यशाळेत बसलो. आदल्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जागलेले बाबा खुर्चीवर टेकताच झोपले. शेजारचे एक काका मला म्हणाले, "तू लिहून घे गड्या." मी पत्रकाच्या मागे भराभर लिहीत सुटलो. हेक्टरी, एकात्मिक, कशाचाच पत्ता लागत नव्हता.

टाळ्यांनी बाबा जागे झाले. "काय सांगतलं?"

मी वाचून दाखवलं, "पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर बी चांगलं."

"हे तं तुया आजीलेबी मालूम आहे," बाबा म्हणाले आणि पुन्हा म्हशींकडे निघाले.